अक्षरांच्या पेट्या : संगणकीय अक्षरजुळणीतील मोजमाप व तपासणी

छापील पुस्तकाचे एखादे पान हाती घेऊन थोडे दूर धरावे. अक्षरे वाचू नयेत. केवळ काळ्या व पांढऱ्या जागांकडे पाहावे. मग पान म्हणजे लहानमोठ्या चौकोनांची एक मांडणी आहे, असे दिसू लागते. प्रत्येक अक्षराभोवती एक अदृश्य चौकोन असतो. अक्षरांच्या चौकोनांचा शब्द होतो, शब्दांची ओळ होते आणि ओळींचे पान होते. या पुस्तिकेत आपण अशा चौकोनांचा, म्हणजेच अक्षरांच्या पेट्यांचा विचार करणार आहोत. त्या कशा मोजाव्यात, त्यांच्या आत काय आहे हे कसे पाहावे, आणि आत चूक सापडल्यास ती दुरुस्त करता येते काय, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

शिशाचे खिळे जुळवून पुस्तके छापली जात, तेव्हा हे चौकोन अदृश्य नव्हते. जुळाऱ्याच्या हातात प्रत्यक्ष शिशाचा ठोकळा असे व अक्षराचा चेहरा त्याच्या एका टोकाला कोरलेला असे. जुळारी खिळे स्टिकमध्ये ओळीने लावी, शब्दांमध्ये शिशाचे कोरे तुकडे घाली आणि ओळ घट्ट बसली की ती गॅलीवर सरकवी. मुद्रिताच्या कच्च्या प्रतीत चूक आढळली, तर तो चिमट्याने नेमका तेवढा खिळा उचलून दुसरा बसवी. या चिमट्याची आठवण वाचकांनी ठेवावी. संगणकाच्या अक्षरजुळणीत तो कसा नाहीसा झाला आणि पुन्हा कसा हाती आला, हीच या लेखातील मुख्य गोष्ट आहे.

टेकचा जन्म

१९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्या एका ग्रंथखंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळविलेली होती. नवी छायाजुळणीच्या यंत्रावर तयार झाली होती. तिच्यातील अक्षरे नूथ यांना पसंत पडली नाहीत. अक्षरजुळणी हा अखेर आकड्यांचा प्रश्न आहे, तेव्हा तो संगणकाने सोडवता येईल, असा विचार करून त्यांनी स्वतःच एक आज्ञावली लिहावयास घेतली. तिचे नाव टेक. कला व तंत्र या दोन्ही अर्थांच्या एका ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. पहिली आवृत्ती १९७८ साली वापरात आली. पुढे नूथ यांनी ती नव्याने लिहिली, आणि तिचा परिचय करून देणारा त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. गणिताची व भौतिकशास्त्राची पुस्तके आणि नियतकालिके आजही फार मोठ्या प्रमाणावर टेकने अथवा तिच्या वंशजांनी जुळविली जातात.

टेकचे वैशिष्ट्य असे की, तिला आज्ञा देता येतात आणि जुन्या आज्ञांतून नव्या आज्ञा घडवता येतात. एक पेटी तयार कर, तिची रुंदी मोज, रुंदी अमुक मापाहून अधिक भरली तर निराळी मांडणी कर, असे तिला सांगता येते. म्हणूनच पेटी मोजणे व उघडणे यांना तेथे इतके महत्त्व आहे.

पेटीची तीन मापे

टेकच्या दृष्टीने प्रत्येक पेटीला तीन मापे असतात. ओळीतील अक्षरे ज्या रेषेवर उभी राहतात तिला आपण आधाररेषा म्हणू. आधाररेषेच्या वर पेटी जेवढी जाते ती तिची उंची. खाली जेवढी उतरते ती तिची खोली. आणि डावीकडून उजवीकडे जेवढी पसरते ती रुंदी. अक्षराचे वळण कसे आहे, ते सुंदर आहे की ओबडधोबड आहे, याची टेकला काहीच कल्पना नसते. तिला एवढी तीन मापे कळली म्हणजे पुरे. जुळाऱ्यालाही ओळ बसवताना खिळ्याच्या ठोकळ्याचेच माप पाहावे लागे, त्यातलाच हा प्रकार.

मापाचे एकक पॉइंट हे आहे. टेकच्या हिशेबात एका इंचात ७२.२७ पॉइंट येतात. म्हणजे एक पॉइंट सुमारे ०.३५ मिलिमीटर भरतो. प्रत्येक पॉइंटाचे पुन्हा ६५,५३६ भाग पाडलेले आहेत. असा एक भाग दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कितीतरी लहान असतो. इतकी सूक्ष्मता डोळ्यांसाठी नाही. सर्व मापे या सूक्ष्म एककाच्या पूर्ण पटीत ठेवल्यामुळे बेरीज-वजाबाकी पूर्णांकांत होते, आणि आज एका संगणकावर जुळविलेली ओळ उद्या दुसऱ्या संगणकावर निराळी तुटत नाही.

तयार झालेली पेटी साठवून ठेवण्यासाठी मूळ टेकमध्ये ० ते २५५ अशा क्रमांकांचे २५६ खण आहेत. ‘सेटबॉक्स’ या आज्ञेने पेटी खणात ठेवता येते. ‘बॉक्स’ या आज्ञेने ती कागदावर उतरते. पण तसे करताच खण रिकामा होतो. खणातील मूळ पेटी कायम ठेवून तिची प्रत उतरवावयाची असेल, तर ‘कॉपी’ ही आज्ञा द्यावी लागते. नवशिके येथे हटकून चुकतात. पेटी दोनदा वापरावी आणि दुसऱ्यांदा जागा कोरी राहावी, असा अनुभव पुष्कळांना येतो.

खणातील पेटीची मापे केवळ वाचताच येतात असे नाही, तर बदलताही येतात. रुंदी शून्य आहे असे टेकला सांगितले, तर आतील शाई आहे तशीच राहते, परंतु पुढील मजकूर त्याच जागेपासून सुरू होतो व आधीच्या अक्षरावर चढतो. हे खोटे माप अनेकदा उपयोगी पडते. गणितातील ‘समान नाही’ या चिन्हाची तिरपी रेघ टेकच्या मूळ फॉन्टमध्ये शून्य रुंदीचीच ठेवलेली आहे. म्हणून तिच्यामागून येणारे ‘समान’ चिन्ह बरोबर तिच्यावर बसते. पेटीचे जाहीर माप आणि तिच्यातील शाईचा विस्तार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

बाहेरचे माप का पुरत नाही

आता एक साधा प्रयोग पाहू. टेकच्या मूळ दहा पॉइंटी फॉन्टमध्ये रोमन लिपीतील ‘ए’ या मोठ्या अक्षराची रुंदी ७.५ पॉइंट आहे. ‘व्ही’ या मोठ्या अक्षराची रुंदीही तेवढीच आहे. दोन्ही अक्षरे शेजारी ठेवून पेटी केली, तर तिची रुंदी १५ पॉइंट भरावयास हवी. परंतु मोजून पाहता ती सुमारे १३.८९ पॉइंटच भरते. मग १.११ पॉइंट गेले कोठे?

बाहेरून कितीही वेळा मोजले तरी या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. त्यासाठी पेटीच्या आत पाहिले पाहिजे. टेकमध्ये ‘शोबॉक्स’ नावाची आज्ञा आहे. ती दिली असता पेटीतील सर्व वस्तूंची यादी टेक आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते. पहिल्या ओळीत पेटीची उंची, खोली व रुंदी असते. पुढे एकेका ओळीवर आतील एकेक वस्तू येते. पेटीच्या आत दुसरी पेटी असेल, तर तिची यादी एक ठिपका अधिक देऊन आत सरकवलेली असते. आपल्या पेटीच्या यादीत तीन वस्तू आढळतात : ‘ए’ हे अक्षर, त्यानंतर उणे १.११ पॉइंटांचा एक कर्न, आणि मग ‘व्ही’ हे अक्षर. कर्न म्हणजे शेजारच्या दोन अक्षरांमधील अंतराची ठरलेली दुरुस्ती. ‘ए’ वर निमुळता होतो, ‘व्ही’ खाली निमुळता होतो. दोहोंच्या तिरप्या बाजू शेजारी आल्या की मध्ये नको इतकी पोकळी दिसते. म्हणून फॉन्टच्या रचनाकाराने ती अक्षरे एकमेकांकडे ओढली आहेत. गेलेले १.११ पॉइंट असे सापडले.

मुद्रणातील चुकाही याच मार्गाने सापडतात. समजा, आपण एका मथळ्याची पेटी करून ती पानाच्या मध्यभागी ठेवली. परंतु मथळा किंचित डावीकडे सरकलेला दिसतो. डोळ्यांवर विश्वास बसत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पट्टी लावून पाहतो. ‘शोबॉक्स’ची यादी वाचली, तर शेवटच्या अक्षरानंतर ३.३३ पॉइंटांची एक मोकळी जागा पडून असलेली दिसते. ती तेथे कशी आली? आज्ञा लिहिताना आपण ओळ संपवून खालच्या ओळीवर गेलो होतो, आणि ओळीचा शेवट म्हणजे शब्दांमधील जागा असा टेकचा नियम आहे. परिच्छेदाच्या अखेरची अशी जागा टेक स्वतः काढून टाकते; आडव्या पेटीच्या अखेरची मात्र काढत नाही. परिणामी पेटी ३.३३ पॉइंटांनी रुंद झाली आणि तिच्यातील अक्षरे मध्यापासून १.६७ पॉइंट, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक, डावीकडे गेली. चूक आहे हे बाहेरच्या मापाने कळते. ती कोठे आहे हे आतील यादीने कळते.

येथे एक सूचना करणे अवश्य आहे. साध्या टेकमध्ये ही यादी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. प्रत्येक पातळीवरील पाचच वस्तू आणि पेट्यांच्या तीनच पातळ्या ती दाखवते. उरलेल्यांचा केवळ ‘इत्यादी’ असा उल्लेख करते. पूर्ण तपासणी करावयाची असेल, तर ‘शोबॉक्सब्रेड्थ’ आणि ‘शोबॉक्सडेप्थ’ या दोन संख्या आधी वाढवून घ्याव्यात.

लवचीक जागा

शब्दांमधील जागेची नोंद यादीत कशी येते, हे पाहण्यासारखे आहे. वर सांगितलेल्या फॉन्टमध्ये ती अशी असते : ३.३३ पॉइंट, अधिक १.६७, उणे १.११. याचा अर्थ, जागेची स्वाभाविक रुंदी ३.३३ पॉइंट आहे. गरज पडल्यास ती १.६७ पॉइंटांनी ताणावी आणि फार तर १.११ पॉइंटांनी आवळावी. नूथ यांनी अशा जागेला डिंक असे नाव दिले, पण स्प्रिंग हे नाव अधिक योग्य झाले असते असेही त्यांनीच नमूद केले आहे. आपण तिला लवचीक जागा म्हणू.

एक उदाहरण घेऊ. तीन शब्दांची एकूण रुंदी ७० पॉइंट आहे. त्यांच्यामध्ये दोन लवचीक जागा आहेत, त्यांचे ६.६७ पॉइंट मिळवून स्वाभाविक रुंदी ७६.६७ पॉइंट होते. ओळ मात्र ८० पॉइंटांची हवी आहे. म्हणजे ३.३३ पॉइंट ताणावयाचे आहेत, आणि दोन्ही जागांची मिळून ताणण्याची क्षमताही ३.३३ पॉइंटच आहे. म्हणून ताणाचे प्रमाण १ येते. ओळीचा बेढबपणा टेक या प्रमाणाच्या घनावरून ठरवते : प्रमाणाच्या घनाला १०० ने गुणावे. येथे तो १०० भरतो. उलट, ओळ ७४ पॉइंटांत बसवावयाची असेल, तर दोन्ही जागा पुऱ्या आवळूनही ती ७४.४४ पॉइंटांच्या खाली जात नाही. तेव्हा शब्द ०.४४ पॉइंट बाहेर राहतो आणि पेटी ओसंडल्याची तक्रार टेक नोंदवहीत करते.

आता अशा ताणलेल्या पेटीची यादी पाहावी. पेटीच्या मथळ्याच्या ओळीत ताणाचे प्रमाण १ असे लिहिलेले असते; परंतु आतील जागा पूर्वीप्रमाणेच ३.३३, अधिक १.६७, उणे १.११ अशा दिसतात. ताणून झालेली रुंदी त्यांच्यावर कोरलेली नसते. जागेचा मूळ स्वभाव आत जसाच्या तसा जपलेला असतो आणि त्याच्यावर लादलेला ताण तेवढा पेटीच्या कवचावर नोंदलेला असतो. म्हणून कवच फोडले की ताणही जातो. हे काम ‘अनएचबॉक्स’ ही आज्ञा करते. ती आडव्या पेटीचे कवच काढून आतील वस्तू बाहेरच्या ओळीत मोकळ्या सोडते. मग त्याच जागा नव्या ओळीच्या गरजेप्रमाणे पुन्हा ताणल्या वा आवळल्या जातात. शिशाच्या ओळीत घातलेले कोरे तुकडे असे आपोआप बदलत नसत. ओळीची लांबी बदलली, तर जुळाऱ्याला ते काढून दुसरे घालावे लागत.

शेवटची वस्तू

येथवर आपण आत पाहिले. पण पाहणारा माणूस होता. नोंदवहीतील यादी माणसाने वाचावयाची असते. टेकला स्वतःला आपल्या पेटीत काय आहे हे विचारून त्याप्रमाणे काही करता येते काय?

मूळ टेकमध्ये याचे उत्तर ‘थोडेसे येते’ असे आहे. तिला केवळ शेवटच्या वस्तूला हात लावता येतो. शेवटची वस्तू पेटी असेल, तर ‘लास्टबॉक्स’ने ती उचलता येते; लवचीक जागा असेल, तर ‘अनस्किप’ने काढता येते; ओळ वा पान कोठे तुटावे हे ठरविणारा दंडाचा आकडा असेल, तर ‘अनपेनल्टी’ने काढता येतो. आपल्या मथळ्याच्या अखेरीस पडलेली मोकळी जागाही याच ‘अनस्किप’ने दूर होते.

एवढ्या तुटपुंज्या साधनांनीही टेकच्या जाणकारांनी मोठी कामे करून दाखविली. परिच्छेद एका उभ्या पेटीत जुळवावा. त्या पेटीत ओळींच्या आडव्या पेट्या एकीखाली एक रचलेल्या असतात व त्यांच्यामध्ये जागा आणि दंडाचे आकडे असतात. मग तळापासून सुरुवात करावी : शेवटची ओळ उचलावी, वरची जागा काढावी, दंड काढावा, त्याच्या वरची ओळ उचलावी, असे करत माथ्यापर्यंत जावे. हाती आलेल्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा आणि मग सर्व ओळी पुन्हा रचाव्यात. पोत्यांची थप्पी वरून उतरवून दुसरीकडे रचावी तसाच हा प्रकार आहे. मात्र येथे क्रम तळाकडून माथ्याकडे असतो, हे विसरता कामा नये.

परंतु या सोयीला दोन मर्यादा आहेत. मुख्य पानाच्या स्वाधीन केलेली पेटी ‘लास्टबॉक्स’ने परत मिळत नाही, तशी मागणी केल्यास टेक दिलगिरीचा संदेश देऊन रिकामी पेटी हाती ठेवते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. शेवटची वस्तू अक्षर असेल, तर ते काढण्याची आज्ञाच नाही. अक्षर एकदा ओळीत पडले की ते कायमचे पडले. पेटी वर उचलता येते, तिचे माप खोटे सांगता येते. पण तिच्यातील एक अक्षर उचलता येत नाही. जुळाऱ्याच्या हातातील चिमटा येथे नाहीसा झाला होता.

साखळी हाती येते

नूथ यांनी टेकची तिसरी आवृत्ती १९९० साली प्रसिद्ध केली आणि यापुढे चुकांची दुरुस्ती सोडून तिच्यात काही बदल करणार नाही, असे जाहीर केले. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या क्रमांकात एक अंक वाढतो व तो क्रमांक ‘पाय’ या गणिती संख्येच्या जवळ जातो. २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ झाला. जुनी पुस्तके पुढेही जशीच्या तशी जुळावीत, हा या निश्चयामागील हेतू आहे. त्याची किंमत अशी की, पेटीच्या आत खोलवर हात घालू इच्छिणाऱ्यांना निराळी आज्ञावली निर्माण करावी लागली.

अशा आज्ञावल्यांपैकी लुआटेक ही प्रमुख होय. लुआ ही ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे १९९३ साली तयार झालेली एक लहानशी संगणकभाषा आहे. टाको हुकवॉटर, हान्स हागेन व हार्टमुट हेंकेल यांनी टेकच्या पोटात ही भाषा बसविली. लुआटेकची १.० ही आवृत्ती २०१६ साली बाहेर पडली. तिच्यात पेटीतील वस्तूंची साखळी लुआच्या हाती दिली जाते. प्रत्येक कडीवर ती कोणत्या जातीची आहे हे लिहिलेले असते : अक्षर, कर्न, लवचीक जागा, दंड किंवा आतली पेटी. शिवाय पुढची कडी कोणती व मागची कोणती याचीही नोंद असते. त्यामुळे पहिल्या कडीपासून चालत अखेरपर्यंत जाता येते, आणि वाटेत कोणत्याही ठिकाणी थांबता येते. किती ओळी संयोगरेषेने संपतात हे मोजता येते, एखादे अक्षर रंगवता येते, आणि ते काढूनही टाकता येते. चिमटा पुन्हा हाती आला तो असा.

मात्र अधिकाराबरोबर जबाबदारीही आली. आगगाडीच्या मधला एक डबा काढावयाचा असेल, तर मागचा डबा पुढच्या डब्याला जोडावा लागतो. नाहीतर मागची सारी गाडी जागेवरच राहते. साखळीतील कडी काढताना हीच काळजी घ्यावी लागते. मूळ टेकमध्ये अशी चूक करणे शक्यच नव्हते, कारण ती कोणाला साखळीला हात लावू देत नव्हती. बंद पेटी गैरसोयीची असते, पण ती सुरक्षित असते. उघड्या पेटीत दुरुस्तीला वाव असतो आणि मोडतोडीलाही असतो.

देवनागरीची साक्ष

हा विषय आपल्या लिपीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ‘विज्ञान’ हा शब्द संगणकावर लिहिताना सात चिन्हे साठवली जातात : व, ऱ्हस्व वेलांटी, ज, पाय मोडण्याचे चिन्ह, ञ, काना आणि न. परंतु छापताना बहुतेक फॉन्टमध्ये पाचच आकृती लागतात : वेलांटी, व, ज्ञ, काना आणि न. उच्चारात आणि साठवणीत वेलांटी ‘व’च्या मागून येते, कागदावर ती त्याच्या आधी येते.

ही उलथापालथ आज्ञावलीने नीट केली की नाही, हे कसे पाहावे? झीटेक या आज्ञावलीत ‘शोबॉक्स’ची यादी मागितली, तर सबंध शब्द एकाच बंद वस्तूच्या रूपाने दिसतो, त्याच्या आतील आकृती यादीत येत नाहीत. लुआटेकला हार्फबझ ही अक्षररचना करणारी आज्ञावली जोडून तयार केलेली जोडणी २०२० पासून टेकच्या प्रचलित संचात मिळते. तिच्यात वेलांटी पहिल्या कडीवर, ‘व’ दुसऱ्या कडीवर, असा छापील क्रम साखळीतच वाचता येतो. वेलांटी भलत्या अक्षराला लागली किंवा जोडाक्षर फुटले, तर दोष नेमका कोणत्या कडीपाशी आहे हे दाखवता येते. ज्या लिपीत जोडाक्षरे व मात्रा यांचा इतका विस्तार आहे, त्या लिपीच्या मुद्रकाला अशी तपासणी अत्यावश्यक आहे. तिच्यावाचून ‘फॉन्ट बिघडला’ एवढेच म्हणून त्याला स्वस्थ बसावे लागेल.

समारोप

सारांश, पेटी बंद असते म्हणूनच पानाची मांडणी सोपी होते. प्रत्येक अक्षराच्या वळणाचा विचार करीत बसल्यास एक पानही पुरे होणार नाही. तीन मापांवर काम भागते, हीच पेटीची खरी सोय आहे. परंतु मापे जुळेनाशी झाली, की बाहेरून अंदाज करणे सोडून पेटी उघडावी, तिच्यातील वस्तूंची यादी वाचावी, आणि दोषी वस्तू तेवढी बदलून इतरांना धक्का लावू नये. जुना जुळारी चिमटा वापरताना हेच करीत असे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पेटीची रुंदी शून्य सांगितल्यास शाईचे काय होते? पुढील अक्षर कोठे पडते?

२. तीन शब्दांची एकूण रुंदी ९० पॉइंट आहे. त्यांच्यामध्ये वर वर्णन केलेल्या दोन लवचीक जागा आहेत. ओळ ९७.५ पॉइंटांची हवी असल्यास ताणाचे प्रमाण व बेढबपणा काढा.

३. परिच्छेदातील ओळी ‘लास्टबॉक्स’ने उचलल्यास त्या उलट क्रमाने का हाती येतात?

४. ‘किल्ला’ या शब्दात साठवलेली चिन्हे कोणती? छापील क्रमात पहिली आकृती कोणती येईल?